जुईची जागलीण

सोमवारी सकाळी साडेनऊला ऋजुतानं अभिप्रायांची पेटी उघडली, तेव्हा आत चार हजार दोनशे माणसं एकाच वेळी बोलत होती आणि त्यातल्या निम्म्यांना नक्की काय म्हणायचंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

‘वेशीपलीकडे’ या खेळाचा दुसरा भाग शुक्रवारी आला होता. पहिला येऊन तीन वर्षं झाली होती. परक्या फौजेनं वेढलेलं एक बंदर, पोस्टमनची बारा वर्षांची मुलगी रेवा आणि वाटायची राहून गेलेली पत्रं. पहारेकऱ्यांची नजर चुकवून ती पत्रं घरोघर पोचवायची, एवढाच खेळ. लढाई नाही, बंदूक नाही. लपायचं, थांबायचं, सरकायचं. तेवढ्यावर लोक रडले होते. दुसऱ्या भागात रेवा हरवलेल्या बापाच्या शोधात मिठागरांच्या बेटावर जाते आणि तिथं पहारेकऱ्यांच्या पलटणीऐवजी एकच बाई असते. हातात कंदील, डोक्यावरून घोंगडी, चेहरा कधीच दिसत नाही. गावचा जागल्या रात्री राखण करत फिरावा तशी ती बेटभर फिरते. खेळात तिचं नाव जागलीण.

अभिप्रायांचा गोषवारा यंत्रंही काढत. दहा वर्षं तीच काढत होती. पण यंत्राच्या गोषवाऱ्यात सगळे खेळाडू सारखेच समंजस वाटायचे, आणि लागोपाठ तीन खेळ आपटल्यावर पुण्याच्या ‘कवडसा स्टुडिओ’ला कळून चुकलं की खेळाडू समंजस नसतात. म्हणून त्यांनी पुन्हा माणूस नेमलं. मराठी आणि हिंदी अभिप्राय ऋजुताच्या वाट्याला आले. मानसशास्त्राची पदवी, नाशिकला घर, घरूनच काम. एकेक अभिप्राय वाचायचा आणि पाच टोपल्यांपैकी एकीत टाकायचा. गोष्ट, चित्रं, अडथळे, दोष, किरकोळ.

‘समुद्र असा, की जिभेवर मीठ येतं. पण बाप सापडल्यावर तीन वाक्यं बोलून गप्प का बसतो?’ गोष्ट.

‘मिठाच्या ढिगावर चढलं की रेवाचे पाय आत जातात. तिसऱ्यांदा रेवाच आत गेली ती आलीच नाही.’ दोष.

‘पहिल्या भागात मी फौजेला चुकवत होतो, या भागात मामीला. ही बाई कोपऱ्यावर वळण्याआधी बांगड्या मागं सारते. मी मामीकडे आठ वर्षं शिकायला होतो. कृपया बदला.’ किरकोळ.

‘गेली म्हणेपर्यंत काहीतरी विसरल्यासारखी परत येते. आमच्या वसतिगृहाचे रेक्टर.’ किरकोळ.

‘नवऱ्याच्या खेळातली जागलीण माझ्यासारखे सुस्कारे टाकते असं तो म्हणाला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. गोष्ट छान आहे.’ इथं ऋजुता क्षणभर थांबली. मग हाही किरकोळमध्ये गेला.

आपल्या लोकांना नातेवाईक मधे आणल्याशिवाय कशाबद्दलच बोलता येत नाही, असं ती स्वतःशी पुटपुटली. मामी, आत्या, सासरे, शिकवणीच्या बाई. खेळ कसा वाटला विचारलं की घरातलं गाऱ्हाणं सुरू. तिनं स्वतः शनिवारी कामाचा भाग म्हणून खेळून पाहिला होता. तिची जागलीण मधेच थांबून हवा हुंगायची. चाळीसगावला शाळेतून आलं की आई असाच गणवेश हुंगायची, गाडीवरची भेळ खाल्ली का ते बघायला. ऋजुताला हसू आलं होतं. तिनं आपलाही चार ओळींचा अभिप्राय लिहिला आणि प्रामाणिकपणे किरकोळमध्ये टाकला.

*

गुरुवारी दीड वाजता शाळेची बिनचालकाची बस फाटकाशी थांबली आणि जुई जिना चढून वर आली. वय नऊ, इयत्ता चौथी, एक वेणी सुटलेली.

“पाठ,” ऋजुता म्हणाली.

“आई, मी घरात तरी येऊ का?”

“आलीसच की. उभी राहा नीट.”

जुईनं दप्तर उतरवलं आणि सवयीनं पाठ केली. ऋजुतानं तळहात तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकवला आणि मनात चारपर्यंत मोजलं. पाठ शांत होती. आतून घरघर आली असती तर तळव्याला कळली असती. जुई दोन वर्षांची असताना दवाखान्यातल्या नर्सनं हे शिकवलं होतं. दम्याचा पहिला झटका आला त्या दिवशी ऋजुता घरात शेजारच्या खोलीत फोनवर बोलत होती. फोन ठेवून आत आली तेव्हा पोरीचे ओठ जांभळे पडले होते. पुढचे चार दिवस प्राणवायूचा मुखवटा आणि पुढची सात वर्षं हा तळहात. शाळेतून आल्यावर, खेळून आल्यावर, झोपायच्या आधी, उठल्यावर.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

“एकोणीस,” जुई म्हणाली.

“काय एकोणीस?”

“दिवस. दम न लागता. अकरा राहिले.”

डिसेंबरात शाळेचं भंडारदऱ्याला दोन दिवसांचं शिबिर होतं. तंबू, थंडी, शेकोटीचा धूर. ऋजुताला ते नावापासूनच नको होतं. पण सरळ नाही म्हणायचं नाही असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून तिनं अट घातली होती. महिनाभर त्रास झाला नाही तर जायचं. अट जुईला लगेच मान्य झाली. ऋजुताला तेव्हा आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

जेवण झालं. चाळीस मिनिटं खेळायची परवानगी होती. दुसऱ्या भागाबरोबर गळ्याखाली चिकटवायची बोटभर पट्टी यायची. ती श्वास आणि नाडी मोजायची. खेळाडूनं श्वास रोखला की रेवाही श्वास रोखायची आणि मग जागलिणीला तिची चाहूल लागायची नाही. हे वाचल्यावर ऋजुतानं डॉक्टर खैरनारांना विचारून घेतलं होतं. पाच-सात सेकंद श्वास धरल्यानं काही होत नाही, असं ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “त्रास होतोय तर होतोय म्हणून सांगता आलं पाहिजे, एवढंच बघा.” ते वाक्य तिनं नीट ऐकलं नव्हतं.

वीस मिनिटांनी ती पाण्याचा पेला घेऊन आत गेली. तहान कुणालाच नव्हती.

भिंतीवरच्या पडद्यावर मिठाचं कोठार होतं. पोत्यांच्या थप्पीआड रेवा बसली होती. जागलीण आली. तिनं कंदील खाली ठेवला, मान किंचित डावीकडे कलती केली आणि उजव्या हातानं घोंगडी कानामागं सारली, नीट ऐकू यावं म्हणून. मग निघाली. दोन पावलं गेली आणि परत आली. थप्पीजवळ वाकून तिनं एका पोत्यावर तळहात सपाट टेकवला आणि तशीच थांबली. एक, दोन, तीन, चार.

पेल्यातलं पाणी ऋजुताच्या पायावर सांडलं.

तिला आधी वाटलं, ही बाई कुठंतरी पाहिलीय. मग लक्षात आलं की तिनं तिला कधीच पाहिलेलं नाही. स्वतःला मागून कोण बघतं?

“आई, मधे उभी राहू नकोस ना,” जुई म्हणाली. पडद्यावरचा तळहात उठला. जुईनं श्वास सोडला, रेवा पोत्यांमागून सरकली आणि कोठाराच्या दाराबाहेर पडली. जराही घाई केली नाही तिनं. ज्याला वाट पाठ आहे असं माणूस चालतं तशी गेली.

*

“तुम्ही माझं चित्रीकरण वापरलंत?” ऋजुतानं विचारलं.

तन्वीर मुजावर पुण्यातल्या आपल्या टेबलाशी डबा खात होता. जागलीण त्यानंच घडवली होती. त्याचा घास तसाच हातात राहिला. “कसलं चित्रीकरण?”

“बैठकांमधलं. कामाचं. जुईच्या खेळातली जागलीण म्हणजे मी आहे, तन्वीर. केस कानामागं सारते. गेलेली परत येते.”

“ताई, तुम्ही आम्हाला खांद्यापासून वरच दिसता. परत येताना कधी दिसला नाहीत.”

“मग हे काय आहे?”

त्यानं डबा बाजूला सारला. काही वेळ तो पडद्यावर कसलेकसले आकडे बघत राहिला आणि मग एकदम हळू बोलायला लागला. तन्वीर हळू बोलायला लागला की काहीतरी बिघडलेलं असतं, हे ऋजुताला अनुभवानं माहीत होतं.

“समजा, धुळीत फक्त उंदराची पावलं उमटलीत,” तो म्हणाला. “मांजर तुम्ही बघितलेलंच नाही. पण उंदीर कुठं पळाला, कुठं गोठला, कुठून वळसा घालून गेला, हे हजार वेळा बघितलं तर मांजर कुठं बसतं ते सांगता येईल. कुठून येतं, कधी डुलकी काढतं, कुठल्या कानानं कमी ऐकतं, सगळं. आपण तेच करतो. लपणाऱ्याच्या डोक्यात शोधणारा असतोच. तुम्ही खांबाच्या उजवीकडे लपता, कारण ती डावीकडून येईल असं तुम्हाला वाटतं. असे बारीक निर्णय खेळाडू दर सेकंदाला घेत असतो. त्यात पट्टीवरनं श्वास कळतो, नाडी कळते. तासाभरात त्याच्या डोक्यातल्या शोधणाऱ्याचं चित्र तयार.”

“ते चित्र कशाला हवं होतं तुम्हाला?”

“त्याला चकवायला. त्याला वाटतं डावीकडून, म्हणून आपण उजवीकडून यायचं. जागलिणीला आम्ही एकच काम दिलं होतं. खेळाडूचा श्वास जास्तीत जास्त वेळा रोखला जाईल असं वाग.” त्यानं कपाळ चोळलं. “आम्हाला वाटलं, ती दचकवायला शिकेल. पण दचकलं की माणूस ओरडतो, श्वास सोडतो. श्वास रोखतो तो ओळखीचं काही समोर आल्यावर. तिला ते कळलं. आम्हाला नाही. ती हळूहळू त्या डोक्यातल्या माणसासारखीच व्हायला लागली. आम्ही फक्त आकडा बघत होतो. आकडा छान चढत होता.”

“आणि कुणाच्याच हे लक्षात आलं नाही?”

“खेळाडूंनी सांगितलं असतं तर आलं असतं. तुमच्या तीन दिवसांच्या अहवालांत असलं काही नव्हतं.”

ऋजुतानं टोपल्यांचे आकडे उघडले. मग म्हणाली, “सांगितलंय. अकराशे जणांनी सांगितलंय.”

“कुठं?”

“किरकोळमध्ये.”

तन्वीरनं त्यावरून टोचलं नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “माझी जागलीण मागं उभी राहून किल्ल्या वाजवते. अब्बा हेडमास्तर होते. मला वाटलं, मीच घडवली म्हणून मला तशी भासते. चौथ्या टप्प्यावर आठवडाभर अडकलोय.”

“तुमच्या अब्बांचं राहू दे. हे बंद करता येईल?”

“शिकणं बंद करता येईल. पण ताई, ती तुम्हाला बघून शिकलेली नाही. जुईला बघून शिकलीय. आणि एक आहे.” तो अडखळला. “प्रत्येक खेळाडूमागं एक नकाशा तयार होतो. शोधणाऱ्याची नजर कुठं पोचत नाही त्याचा. आम्ही आंधळ्या जागा म्हणतो. चाचणीपुरता आहे, कुणी उघडत नाही. तुम्ही जुईच्या पालक, तुमच्या परवानगीनं उघडेल.”

“नको,” ऋजुता म्हणाली.

“बरं.”

तिनं फोन ठेवला, दोन भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला आणि नकाशा उघडला.

बेटाच्या राखाडी आराखड्यावर तीन जागा पांढऱ्या होत्या. पहिली पाणचक्कीपाशी. पाणी जोरात पडत असलं की जागलिणीला काही ऐकू येत नाही. खोकायचं असलं की रेवा तिथंच जायची, एकदाही चूक न करता. ऋजुताला न्हाणीघराचा नळ आठवला. हल्ली जुई दात घासायला फार वेळ लावते, म्हणून ती खूश होती. दुसरी जागा जागलीण बेटावरच्या दुसऱ्या कुणाशी बोलत असताना तिच्या थेट पाठीमागं. ऋजुताला आपले फोन आठवले.

तिसरी जागा बघून तिला आधी काही उलगडलंच नाही. ती भिंतीआड नव्हती की अंधारातही नव्हती. ती जागलिणीच्या तळहाताखाली होती. पोत्यावर हात टेकला की चार मोजेपर्यंत श्वास धरायचा. हात उठला की सुटका. बेटावरची सगळ्यात सुरक्षित जागा तीच. खाली आकडा होता. तीनशे बारा वेळा, एकदाही पकडली गेलेली नाही.

एकोणीस दिवस. सात वर्षं. ऋजुता खुर्चीत बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

*

ऋजुताचा नवरा अमेय सातपुड्याच्या पायथ्याशी पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता आणि पंधरवड्यानं घरी यायचा. फोनवर त्याच्यामागं वारा घोंघावत होता.

“शिबिर रद्द,” ऋजुता म्हणाली. “न्हाणीघराचं दार उघडं ठेवायचं. आणि ती रात्रंदिवस श्वास मोजणारी पट्टी मिळते ना, ती मागवते. खेळातली नाही, दवाखान्यातली.”

“मागव.”

“असं तोडून बोलू नकोस.”

“तोडून नाही बोलत. मागव. ती ती पट्टी उशीला चिकटवून ठेवेल. मग तू उशीवर नजर ठेव.”

“मग मी काय करू? तिला दम लागतोय अमेय, आणि ती माझ्या हाताखाली उभी राहून लपवतेय. तुला वारा खात बसून बोलायला काय जातंय?”

“मी दोन आठवड्यांनी येतो आणि पोर मला तीन मिनिटांत सगळं सांगते,” तो म्हणाला. “मला वाटायचं तुलाही सांगत असेल.”

“तुला माहीत होतं?”

अमेय वाऱ्याच्या आडोशाला सरकला. “कधीमधी लागतो म्हणाली होती. पंप घेते म्हणाली. आईला सांग म्हटलं तर म्हणाली, सांगेन.”

ऋजुतानं फोन बंद केला. कुणाकुणावर चिडायचं याची यादी इतकी लांबली होती की सुरुवात कुठून करावी ते कळेना. नवरा, तन्वीर, शिबिर काढणारी शाळा, कधीच झोप न येणारी ती घोंगडीवाली बाई. त्या बाईवर चिडणं सगळ्यात सोपं होतं, आणि तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. नवीन पहारा लावला की जुई नवीन जागा शोधणार. जुईनं नवीन जागा शोधली की जागलीण आणखी हुशार होणार. पोरीला लपायची शिकवणी लावल्यासारखंच ते. आणि एक दिवस खरंच जोराचा दम लागेल तेव्हाही ती उत्तम लपेल.

संध्याकाळी ती जुईच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. जुई चित्रकलेची वही रंगवत होती.

“मी तुझा खेळ बघितला,” ऋजुता म्हणाली.

“पाणी सांडलंस तेव्हा?”

“नंतरही. नकाशा बघितला. तू कुठं कुठं लपतेस त्याचा.”

रंगाचा खडू थांबला. “मला न विचारता?”

“हो.”

“असं करतात का?”

“नाही करत. मी केलं.” ऋजुताला आपला आवाज चढायला लागलेला कळला. तिनं तो खाली आणला. फारसा आला नाही. “जुई, किती वेळा लागला दम? या एकोणीस दिवसांत?”

जुईनं खडूवरचा कागद सोलायला घेतला. सगळा सोलून झाल्यावर म्हणाली, “पाच. मग एकदा शाळेत. सहा.”

“आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस.”

“तू रद्द केलं असतंस.”

“शिबिर महत्त्वाचं की श्वास?”

“बघ, हेच,” जुई म्हणाली. ती रडत नव्हती. ती वैतागली होती, आणि तिचं वैतागणं तंतोतंत आईसारखं होतं. “मी सांगितलं की तू घाबरतेस. मग तू पाठ बघतेस, मग बोटाला यंत्र लावतेस, मग बाबाला फोन करतेस, मग म्हणतेस मी घाबरले नाहीये. मग मला तुला सांगत बसावं लागतं की मी बरी आहे. दम लागलेला असताना एवढं बोलता येत नाही, आई.”

खाली गाडीतळावर कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. ऋजुता तो ऐकत बसली. तिच्याजवळ अनेक उत्तरं होती आणि सगळी बरोबर होती.

“शिबिराची अट काढून टाकली,” शेवटी ती म्हणाली.

जुईनं संशयानं बघितलं. “म्हणजे जायचं, का नाही जायचं?”

“जायचं. दम लागला तरी जायचं. पंप, त्याला लावायचं नळकांडं, औषधं बरोबर घेऊन. बाईंना सगळं लिहून देईन. पण दम लागला की मला सांगायचं. लागेल तेव्हा लगेच. तू सांगशील तेवढंच मी करीन.”

“पाठ?”

ऋजुताचा हात मांडीवर आपोआप सरळ झाला. तिनं तो मिटला. “पाठ बंद.”

“आणि मी म्हटलं येऊ नकोस, तर?”

“तुला बोलता येत नसेल, पंपानं थांबत नसेल, तर मी येणार. तिथं तुझं चालणार नाही. बाकी वेळी नाही येणार.”

“खोटं,” जुई म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली.

*

दोन दिवस ऋजुतानं किरकोळची टोपली उपसली. पंधराशे ब्याण्णव निघाले. मामी, रेक्टर, थोरली जाऊ, कारखान्यातला मुकादम. एकानं लिहिलं होतं की त्याची जागलीण येतच नाही, नुसती लांबून खोकते, आणि त्याला वडील जाऊन बारा वर्षं झालीयत. हा तिनं कुठल्याच टोपलीत टाकला नाही. अहवालात तसाच चिकटवला. खाली लिहिलं, ‘जागलीण खेळाडूकडूनच शिकते, हे त्याला पहिल्याच पडद्यावर सांगितलं पाहिजे. शिकणं बंद करायची कळ द्यावी. आंधळ्या जागांचे नकाशे पुसून टाकावेत, पालकांसाठी ठेवू नयेत. मी एक उघडला होता. वर्गीकरणातली चूक माझी आहे.’

स्टुडिओनं नकाशे पुसले, कळ दिली, माफीही मागितली. त्यावर आणखी तीन हजार अभिप्राय आले. निम्मे लोक म्हणाले, हे आधी का सांगितलं नाही. निम्मे म्हणाले, आता सांगितलंत कशाला, आम्ही मजेत होतो. मामीवाल्यानं कळवलं की त्यानं कळ दाबली, दुसरी एक साधी जागलीण आली आणि खेळाची गोडी गेली. मामी परत मिळेल का? ऋजुतानं कपाळाला हात लावला आणि नवी टोपली केली.

जुईनं कळ दाबली नाही. का, ते ऋजुतानं विचारलं नाही. खेळाच्या वेळी ती आता खोलीत जात नव्हती, आणि न जाणं हे जाण्याहून दमवणारं काम होतं. शाळेतून जुई आली की दोघी एकमेकींकडे बघायच्या. जुई पाठ करायची नाही, ऋजुता हात उचलायची नाही, आणि मग दोघींपैकी कुणीतरी जेवणाचं काढायचं. नऊ दिवस गेले. नऊ दिवसांत जुई काही म्हणाली नाही. याचा अर्थ दम लागला नाही असा होता, किंवा लागला आणि सांगितला नाही असा होता. आधी निदान चार मोजून खोटं तरी समाधान मिळायचं. आता तेही नाही. अमेयचा फोन आला की “काही नाही” एवढंच ती सांगायची, आणि तो “बरं” म्हणायचा, आणि तिला तो फोन पवनचक्कीवर फेकून मारावासा वाटायचा.

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, खालच्या मजल्यावर कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. ठसका जिन्यातून वर आला. ऋजुतानं उठून खिडक्या लावल्या, एक, दोन, तिसरी, आणि तेवढ्यात आतून जुईचा आवाज आला.

“आई, घरघरतंय. पंप घेतला. दोन फवारे.”

ऋजुताचा हात खिडकीच्या कडीवर होता.

“येऊ नकोस,” जुई म्हणाली.

आवाज सलग होता. वाक्य मधे तुटलं नव्हतं. ऋजुतानं ते ऐकलं, पुन्हा मनात ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग ती जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. समोरचं पान उघडून अभिप्राय वाचायचा प्रयत्न केला. ‘बेटावरची सूर्यास्ताची वेळ.’ पुढचं दिसेना. भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अर्धं मिनिट झालं होतं. सात वर्षांपूर्वी ती शेजारच्या खोलीत होती आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं. आताही ती शेजारच्या खोलीत होती आणि तिला सांगितलेलं होतं. यात फरक आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. पायांना ते पटत नव्हतं. तीन मिनिटं. आतून खोकल्याचा आवाज आला, मोकळा, नळ न सोडता. पाच मिनिटं. वहीचं पान उलटलं. आठ.

अकराव्या मिनिटाला जुई बाहेर आली. नाक लाल, केस विसकटलेले, गळ्याशी हात.

“थांबलं,” ती म्हणाली.

“बरं.” हे एवढं बोलायला ऋजुताला फार कष्ट पडले.

जुई तिथंच उभी राहिली. तिनं आईकडे बघितलं, मांड्यांखालच्या हातांकडे बघितलं. “तू आलीच नाहीस.”

“तूच म्हणालीस, येऊ नकोस.”

“हो, पण अजिबातच?”

ऋजुतानं डोळे मिटले आणि उघडले. “जुई, आता मला एकदा नीट सांग. नक्की किती यायचं? मी लिहून घेते.”

जुईनं खरोखर विचार केला. जिन्यातला ठसका अजून विरला नव्हता. दोघींनाही एकदम शिंक आली. “दारापर्यंत,” ती म्हणाली. “आत नाही. आणि काही विचारायचं नाही. आणि चेहरा असा करायचा नाही.”

“चेहरा माझा असाच आहे.”

“मग जरा इकडे तिकडे बघ.”

ती वळून खोलीत गेली आणि पलंगावर चढून बसली. वही पुढ्यात ओढली, रंगाची पेटी उघडली आणि वर न बघता वाट बघत राहिली. ऋजुता उठली. खोलीच्या दारापाशी जाऊन चौकटीला टेकली आणि समोरच्या कपाटाकडे बघायला लागली.

“इथं?” तिनं विचारलं.

जुईनं अंतर मोजल्यासारखं बघितलं. “एक पाऊल मागं.”

ऋजुता एक पाऊल मागं सरकली.